आधी चोरीचा आळ : मराठी साहित्यातला परका माणूस

मराठी साहित्यात परका माणूस येतो, तेव्हा पुष्कळदा त्याच्या आधी चोरीचा आळ येऊन थांबलेला असतो. संतकथा, गावगाड्याची वर्णने, कादंबऱ्या, नाटके आणि भटक्या-विमुक्तांची आत्मकथने एका रांगेत ठेवून वाचली, तर हा धागा साडेसहाशे-सातशे वर्षे तुटलेला दिसत नाही. फरक पडतो तो आळ कोण सांगतो यात. आधी गाव सांगत होते, मग गावातला सहृदय लेखक सांगू लागला, आणि १९८० च्या सुमारास ज्याच्यावर आळ होता तोच सांगायला बसला.

सुरुवात गंगाखेडच्या जनाबाईपासून करता येते. ती पंढरपुरात नामदेवांच्या घरी दासी. विठ्ठल रात्री तिच्याबरोबर दळायला बसतो, पहाटे घाईने निघताना आपले पदक तिथेच विसरतो आणि तिची वाकळ पांघरून देवळात जातो, अशी आख्यायिका आहे. सकाळी देवाच्या अंगावर पदक नाही म्हटल्यावर बडव्यांना फार शोध घ्यावा लागत नाही. परगावची, दासी, शूद्र बाई. तिला सुळावर द्यायचे ठरते आणि सुळाचे पाणी होते. चोखामेळ्याची कथा याच वळणाची. देवाचा हार त्याच्या गळ्यात कसा आला, असे विचारत बडवे मारत आहेत, हा प्रसंग चोखोबांच्या स्वतःच्या अभंगातच येतो. दोन्ही कथांत देव स्वतः साक्षीला उभा राहतो म्हणून आरोपी सुटतो. चमत्कार घडला नसता तर काय झाले असते, हे कथाकार सांगत नाही आणि ऐकणाऱ्यालाही विचारावे लागत नाही.

दामाजीपंतांच्या कथेत हाच प्रकार उलट्या दिशेने घडतो. मंगळवेढ्याला दुष्काळात त्यांनी सरकारी अंबारे उपाशी लोकांना लुटू दिली. बिदरच्या बादशहाच्या लेखी ही राज्याच्या धान्याची चोरी. तेव्हा विठ्ठल विठू महार होऊन बिदरला जातो आणि धान्याचे पैसे भरून पावती आणतो. महिपतीने अठराव्या शतकात या कथा ‘भक्तविजया’त एकत्र गुंफल्या आणि कीर्तनातून त्या घरोघर गेल्या. लातूर जिल्ह्यातल्या जळकोट-उदगीरच्या माणसाला बिदर काही लांब नाही. त्यामुळे काठी-घोंगडी घेतलेला महार बादशहाच्या दरबारात उभा राहतो हे चित्र इथल्या श्रोत्याला अगदी ओळखीच्या वाटेवरचे वाटत असणार. देवाने वेशीबाहेरच्या माणसाचे रूप घेतले हे कीर्तनकार रंगवून सांगत. त्या माणसाला वेशीच्या आत घर मिळाले पाहिजे, हे मात्र कीर्तनात येत नसे.

संशय आधी परक्यावरच का जातो, याचे उत्तर जुन्या गावाच्या रचनेत आहे. बलुतेदारी गावात प्रत्येकाला काम, जागा आणि सुगीचा वाटा ठरलेला असे. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, महार, मांग यांची उतरंड कितीही अन्यायाची असली तरी त्यात प्रत्येकाची नोंद होती. ज्याची नोंद कुठेच नाही असा माणूस म्हणजे फिरस्ता. टोपल्या विणणारा कैकाडी, दगड फोडणारा वडार, नंदीबैल आणणारा, जडीबुटी विकणारा वैदू, मसणजोगी, डोंबारी, घिसाडी, गोंधळी. जळकोट-उदगीरच्या या सीमेवरच्या पट्ट्यात आणखी एक गोष्ट भर घालते. यांतल्या अनेक जमातींची घरची बोली तेलुगू किंवा तमिळ वळणाची. कारभार मराठीत, भांडण घरच्या भाषेत. गावकऱ्याला न कळणारे बोलणे हे त्याच्या दृष्टीने काहीतरी लपवण्याचेच बोलणे. रात्री चोरी झाली की माग काढण्याची जबाबदारी रामोशी किंवा महार जागल्याची. माग लागला नाही तर त्याच्याकडूनच भरपाई घेण्याची रीत होती. मग माग कुठे तरी लागलाच पाहिजे, आणि गावाबाहेरच्या पालांपर्यंत तो नेणे सगळ्यांच्याच सोयीचे असे.

या व्यवस्थेचे सर्वांत बारकाईचे वर्णन त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) या पुस्तकात मिळते. आत्रे महसूल खात्यातले अधिकारी. फिरस्त्यांची त्यांनी केलेली नोंद आजही दुसरीकडे सापडत नाही इतकी तपशीलवार आहे. पण लेखणी अधिकाऱ्याची आहे. शेतकऱ्याच्या खळ्यावर किती हात पसरले जातात याचा हिशेब आत्रे मांडतात आणि भटक्यांकडे त्या हिशेबातला खर्च म्हणून पाहतात. ‘गावगाड्या’च्या आधी, १९११ साली, त्यांनी लिहिलेल्या पुस्तकाचे नावच ‘गुन्हेगार जाती’ असे होते. मराठीतला उत्तम निरीक्षकही सरकारी रकान्यातून कसा पाहत होता, याचा तो पुरावा आहे.

आत्र्यांच्या कितीतरी आधी परक्याला स्वतःच्या तोंडाने बोलायला लावण्याचा पहिला मोठा प्रयत्न पैठणच्या एकनाथांनी सोळाव्या शतकात केला. त्यांच्या भारुडांत फकीर येतो, गारुडी येतो, जोशी, वासुदेव, कैकाडीण, कोल्हाटीण येते. जोहार घालणारा महार तर पाटलाला आणि गावाला चार गोष्टी सुनावतो. ‘हिंदू-तुर्क संवादा’त दोघे एकमेकांच्या देवाधर्मावर तुटून पडतात. तुर्काच्या तोंडी दख्खनी वळणाची भाषा आहे, आणि त्याचे मुद्दे कच्चे ठेवून हिंदूला सोपा विजय मिळवून दिलेला नाही. शेवटी समेट होतो. भारूड सादर करताना सोंग घेणाऱ्याला त्या जमातीचा पोशाख, चाल, बोलण्याची ढब साधावी लागे. परक्याचे निरीक्षण केल्याशिवाय हा प्रकार उभाच राहू शकत नव्हता. तरीही कोल्हाटीण दोरीवर चढते ती अखेर परमार्थ सांगायला. तिच्या पोटाचे काय, हा प्रश्न भारुडाच्या कक्षेत नाही. एकनाथांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांच्या काळात एवढे करणारा दुसरा कोणी नव्हता. एकनाथांनंतर श्रीगोंद्याचे शेख महंमद यांनी सतराव्या शतकात ‘योगसंग्राम’ लिहिला. जन्माने आपण अविंध, म्हणजे मुसलमान, असल्याचे त्यांनी लपवले नाही आणि वारकऱ्यांनी त्यांना संतांच्या मांदियाळीत घेतले. परक्याने स्वतःविषयी स्वतः मराठीत लिहिल्याचे हे एक जुने आणि ठळक उदाहरण.

गावाच्या संशयाला कायद्याचे रूप आले ते १८७१ साली. ब्रिटिश सरकारच्या गुन्हेगार जमाती कायद्याने जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या. निजामाच्या राज्यातही तसाच कायदा झाला. नाव नोंदवायचे, ठरलेल्या वेळी हजेरी द्यायची, गाव सोडताना परवानगी घ्यायची. काही जमातींना तारेच्या कुंपणातल्या वसाहतींत ठेवले गेले. सोलापूरची वसाहत त्यांतली मोठी. तिथली माणसे गिरण्यांत कामाला जात आणि भोंग्याबरोबर कुंपणात परत येत. हा कायदा स्वातंत्र्यानंतर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला आणि या जमाती ‘विमुक्त’ म्हणवल्या जाऊ लागल्या.

सोलापूरच्या या वसाहतीवर मालतीबाई बेडेकर यांनी विभावरी शिरूरकर या नावाने ‘बळी’ (१९५०) ही कादंबरी लिहिली. मालतीबाईंनी त्या वसाहतीत अधिकारी म्हणून काम केलेले असल्याने कुंपणाच्या आतले जग त्यांनी पाहिले होते. मध्यमवर्गीय स्त्रीच्या घुसमटीवर लिहून खळबळ उडवणारी लेखिका मांग-गारुड्यांच्या वस्तीत शिरली, ही त्या काळी मोठी गोष्ट होती. सुधारणेच्या नावाने चाललेली यंत्रणा माणसाला सुधारू देत नाही, हे त्यांनी निर्भीडपणे दाखवले. पण ‘बळी’ वाचताना कुंपणाबाहेरून आत पाहणारे डोळे सतत जाणवतात. दया आहे, राग आहे. घरातल्या माणसाला घराचा जो कंटाळा, विनोद आणि माया असते ती कमी आहे. अण्णा भाऊ साठे यांची ‘फकिरा’ (१९५९) याच विषयाला भिडते ती आतून. मांगवाड्यावर चोरीचा ठपका आहे हे अण्णा भाऊ नाकारत नाहीत. भुकेल्या वस्तीसाठी खजिना आणि धान्य लुटणाऱ्याला ते सरळ नायक करतात.

व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’ने (१९५५) मात्र परक्याची बाजूच बदलली. इथे परका आहे तो शिकलेला, नोकरीवाला, कथा सांगणारा. राजाराम सौंदणीकर हा कोवळा मास्तर पहाटेच्या अंधारात माळ तुडवत धनगरांच्या वाडीवर येतो. पोरे शाळेत येत नाहीत, मोठी माणसे त्याच्याकडे संशयाने पाहतात, आणि म्हातारा कारभारी त्याला पारखून घेतो. वाडीत चोऱ्यामाऱ्या करणारा आनंदा रामोशी आहे. वाडीला ते ठाऊक आहे आणि वाडी त्याच्यासकट जगते. या लहानशा पात्रात माडगूळकरांनी एक मोठी गोष्ट सांगून टाकली आहे. ओळखीचा चोर हा गावचा माणूस असतो आणि अनोळखी सज्जन हा परकाच राहतो. अंजी नावाच्या मुलीला चोळी शिवून आणून देण्यासारखी साधी मदत मास्तर करतो, तर तेवढ्यावरून कुजबुज होते आणि कारभाऱ्याचे मन फिरते. पुढे दुष्काळ पडतो, मेंढरे मरतात, वाडी जगायला बाहेर पडते. ज्यांनी मास्तरला परका म्हणून तोलले, ती माणसे आता दुसऱ्याच्या शिवारात परकी होणार असतात. कादंबरी त्यांच्या मागे तिथे जात नाही. ती पुढची वाट आत्मकथनांनी चालली.

बाबूराव बागुलांनी १९६३ साली कथासंग्रहाला ‘जेव्हा मी जात चोरली होती’ असे नाव दिले आणि चोरीच्या आळाचे टोक उलटे फिरवले. शीर्षककथेतला तरुण रेल्वेच्या नोकरीसाठी गुजरातमध्ये, उधना इथे येतो. नवे गाव, कोणी ओळखीचे नाही. राहायला खोली हवी आणि खोली जातीशिवाय मिळत नाही. म्हणून तो जात सांगायचे टाळतो. रामचरण तिवारी त्याला कवी म्हणून डोक्यावर घेतो, घरी जेवायला नेतो. काशीनाथ हा दुसरा दलित कामगार आपली जात लपवत नाही आणि रोज त्याची किंमत मोजतो. शेवटी गुपित फुटते आणि कवीला बेदम मार बसतो. दोघेही परगावचे, दोघेही एकाच स्टेशनावर कामाला; एकाला चोरी केल्याशिवाय छप्पर नाही, दुसऱ्याला चोरी न केल्याने शांतता नाही. शहरात जात विसरली जाते, अशी समजूत त्या काळच्या साहित्यात बळावत होती. बागुलांच्या या एका कथेने ती मोडीत काढली.

मराठी रंगभूमीवर परका बराच काळ विनोदापुरता येत राहिला. तुटक मराठी बोलणारा गुजराती शेठ, पठाण, भय्या, पारशी. प्रेक्षक त्याच्या उच्चारांना हसत. पु. ल. देशपांड्यांच्या ‘व्यक्ति आणि वल्ली’तल्या पेस्तनकाकांसारखा अपवाद वेगळा, कारण तिथे हसण्यात जिव्हाळा आहे. मारवाडी सावकाराचे पात्र हसण्यापुरते राहिले नाही. १८७५ साली पुणे जिल्ह्यातल्या सुपे इथून दंगे पसरले, शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले, आणि तेव्हापासून ग्रामीण साहित्यातला सावकार म्हणजे कागदाच्या जोरावर चोरी करणारा परका असे समीकरण बसले. त्याला आधार होता, पण गावातल्याच मातबरांची सावकारी त्या आडोशाला सुखाने लपली हेही खरे.

या सगळ्याला छेद देणारे नाटक म्हणजे विजय तेंडुलकरांचे ‘घाशीराम कोतवाल’. १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने ते रंगमंचावर आणले. दिग्दर्शन जब्बार पटेल यांचे, संगीत भास्कर चंदावरकरांचे. कनौजी ब्राह्मण घाशीराम नशीब काढायला पुण्यात येतो. ब्राह्मणांना दक्षिणा वाटतात त्या रमण्यात त्याच्यावर चोरीचा आळ येतो, त्याला मारून, डांबून, शहराबाहेर हाकलले जाते. पुण्यावर सूड उगवायची प्रतिज्ञा करून तो परततो, पोटच्या मुलीला, गौरीला, नाना फडणविसांपुढे टाकतो आणि कोतवाली मिळवतो. मग ज्या शहराने त्याला चोर ठरवले त्या शहराचा प्रत्येक माणूस त्याच्या लेखी संशयित होतो. रात्री परवान्याशिवाय फिरायचे नाही, घरात कोण आले ते सांगायचे. नाटकाचा कळस पुन्हा चोरीवर आहे. दक्षिणेकडून आलेले भुकेले तेलंगी ब्राह्मण कोतवालाच्या बागेतली फळे तोडतात, घाशीराम त्यांना एका कोंदट कोठडीत कोंबतो, गुदमरून त्यांतले अनेक मरतात आणि शहर उसळते. नाना एका सहीने आपल्या कोतवालाला जमावाच्या हवाली करतात.

इतिहासातला घाशीराम सावळदास औरंगाबादेकडचा उत्तर भारतीय ब्राह्मण होता, तो पुण्याचा कोतवाल होता, आणि तेलंगी ब्राह्मणांच्या मृत्यूनंतर १७९१ साली तो लोकांच्या दगडांनी मेला, एवढे इतिहासात आहे. बाकीची रचना तेंडुलकरांची. नानांच्या बदनामीवरून या नाटकावर केवढे वादळ उठले. त्या गदारोळात एका गोष्टीकडे फारसे लक्ष गेले नाही. नाटकात मारणारा परगावचा आहे आणि मरणारेही परगावचेच. सत्ता ज्यांची आहे ते पुणेकर मधे उभे राहून कधी याला तर कधी त्याला पुढे करतात. परक्याच्या चित्रणात सहानुभूती पुरेशी नसते, परका क्रूरही होऊ शकतो आणि तो तसा का होतो हे दाखवावे लागते, हा धडा मराठीत तेंडुलकरांइतका कोणी दिलेला नाही.

१९८० साली लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ प्रसिद्ध झाले आणि पुढच्याच वर्षी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. आधी दया पवारांच्या ‘बलुतं’ने (१९७८) वाट मोकळी केली होती, पण ‘बलुतं’तल्या माणसाला निदान महारवाडा होता. ‘उपरा’तल्या कैकाडी कुटुंबाला गाव म्हणून सांगायला काही नाही. गाढवांवर बिऱ्हाड, फोक तोडायचे, टोपल्या-कणग्या विणायच्या, गावात विकायच्या, पुढचे गाव गाठायचे. फोक तोडताना बांधावरचा मालक दिसला की चोर, टोपली विकताना कारागीर. एकच माणूस सकाळी चोर आणि दुपारी कारागीर असतो, हे गावाला खटकत नाही. बाप पोराला शाळेत घालायचे ठरवतो तेव्हा नाव कोणत्या गावच्या शाळेत घालायचे इथूनच अडचण सुरू होते. शाळेच्या दाखल्यावर गावाचे नाव लागते. पालावर लागत नाही.

त्यानंतर सात वर्षांनी आलेले ‘उचल्या’ हे लातूर जिल्ह्यातले पुस्तक. लक्ष्मण गायकवाड धनेगावचे, पाथरूट जमातीचे. १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार या पुस्तकाला मिळाला. इथे आळ खरा आहे. घरातली माणसे बाजारात, जत्रेत, एस.टी. स्टँडवर खिसे कापतात, आणि लेखक ते पहिल्यापासून सांगतो. लहान पोरांना मार खाण्याची सवय लावली जाते, का तर पकडले गेल्यावर पोलिसांच्या माराने नावे फुटू नयेत. आजोबांना गावच्या पाटलाकडे हजेरी लावावी लागते. पोलीस घरात शिरतात, घरातल्या बायकांची बेअब्रू करतात, हाती लागेल ते नेतात. चोराच्या घरी झालेल्या चोरीची फिर्याद कुठे द्यायची, हा प्रश्न पुस्तकभर उभा आहे.

शाळेचा प्रसंग सर्वांत जवळून पाहण्यासारखा आहे. लक्ष्मण शाळेत जायला लागतो आणि त्याच सुमारास वस्तीतली पोरे जुलाब-उलट्यांनी आजारी पडतात. आपल्या जमातीत कोणी शाळेत गेले नव्हते. हे पोर गेले म्हणून देवी कोपली, असा अर्थ वस्ती लावते आणि बाप मार्तंड याच्यावर पोराला शाळेतून काढायचा दबाव येतो. बाप ऐकत नाही. शाळेत तो चोरांचा पोर, वस्तीत तो रोगाचे कारण. गावाने दूर ठेवलेल्या माणसांमध्येही आणखी एक वेस असते, हे सहृदय बाहेरच्या लेखकाला सहसा दिसले नसते. दिसले असते तरी लिहायला तो धजला नसता. पुढे गायकवाड सूतगिरणीत कामाला लागतात, संघटना बांधतात, चळवळीत पडतात. हा उत्तरार्ध काहीसा कामाच्या अहवालासारखा होतो, आणि पूर्वार्धातली धग त्यात उरत नाही. असे असले तरी ‘उचल्या’ ही केवळ समाजशास्त्राची कागदपत्रे आहेत, हे काही समीक्षकांचे म्हणणे टिकत नाही. मार खाण्याची तालीम ज्या थंड, नेमक्या वाक्यांत सांगितली आहे ती लेखकाची कमाई आहे.

याच दशकात दादासाहेब मोरे यांचे ‘गबाळ’, शरणकुमार लिंबाळे यांचे ‘अक्करमाशी’ (१९८४), भीमराव गस्ती यांचे ‘बेरड’, आत्माराम राठोड यांचे ‘तांडा’ (१९८९) अशी रांग लागली. ‘तांडा’तले लमाण जग जळकोट, कंधार, मुखेडच्या डोंगराळ भागाला नवे नाही, इथल्या वाड्या-तांड्यांवरून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या आजही निघतात आणि साखरपट्ट्यात कोप्या घालून राहतात. ‘अक्करमाशी’ वेगळ्या कारणाने महत्त्वाचे. त्यातला मुलगा गावाबाहेरचा नाही, परगावचाही नाही. बाप लिंगायत पाटील, आई महार, आजी संतामाईबरोबर राहून मुलाला जीव लावणारा दादा मुसलमान. तीन घरांचे रक्त आणि माया असलेल्या मुलाला एकाही घराचे नाव मिळत नाही. परकेपणाला अंतर लागत नाही, हे या छोट्या पुस्तकाने पटवले.

मुसलमान माणसाचे चित्रण मराठीत दीर्घकाळ ऐतिहासिक कादंबऱ्यांनी व्यापले होते आणि त्यात तो सरदार, सुभेदार किंवा शत्रू असे. शेजारी म्हणून तो हमीद दलवाईंच्या ‘इंधन’मध्ये (१९६५) ठसठशीतपणे आला. कोकणातल्या आपल्या गावी बऱ्याच वर्षांनी परतलेला मुसलमान निवेदक गाव पेटताना पाहतो; तो दोन्ही बाजूंना अडचणीचा वाटतो. मराठवाड्यात निजामाच्या राज्यावरच्या १९४८ च्या पोलीस कारवाईच्या आठवणी खोल असल्याने हा विषय इथे आणखी नाजूक. मुसलमान लेखकांनी मराठीतच लिहिण्याचा आग्रह धरून १९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरवले; त्याचे अध्यक्ष मराठवाड्याचे कवी फ. म. शहाजिंदे होते.

हा सगळा प्रवास मराठीपुरता नाही. व्हिक्टर ह्यूगोच्या ‘ले मिझराब्ल’मध्ये (१८६२) पाव चोरल्याबद्दल सुरू झालेली शिक्षा एकोणीस वर्षे भोगून सुटलेल्या ज्याँ व्हाल्ज्याँला पिवळा परवाना दाखवावा लागतो आणि तो पाहताच खाणावळीची दारे बंद होतात, हा परवाना म्हणजे हजेरीपटाचा फ्रेंच भाऊच. आल्बेर काम्यूच्या १९४२ सालच्या गाजलेल्या कादंबरीत नायक जगापासून तुटलेला आहे म्हणून वाचक हळहळतो, पण त्याने मारलेल्या अरबाला नावसुद्धा नाही. अल्जीरियाचा लेखक कामेल दाऊद याने २०१३ साली त्या मृताच्या भावाला निवेदक करून कादंबरी लिहिली आणि मृताला मूसा हे नाव दिले. तिथे ही दुरुस्ती व्हायला सत्तर वर्षे लागली. ‘बळी’ ते ‘उपरा’ हे अंतर तीस वर्षांचे आहे.

पुस्तके बदलली म्हणून गाव बदलले असे मात्र नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात आठवडी बाजाराच्या दिवशी नाथपंथी डवरी गोसावी जमातीच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारले. बहुतेक जण मंगळवेढा तालुक्यातून भिक्षेसाठी तिकडे गेलेले. मुले पळवणारी टोळी आली आहे, अशी अफवा मोबाइलवरून फिरत होती. आळ चोरीचाच होता, फक्त मालाच्या जागी मुले आली होती. हा प्रसंग मराठी साहित्यात अजून त्याच्या वजनाने उतरायचा आहे.

उदगीरला एप्रिल २०२२ मध्ये ९५ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले, अध्यक्ष भारत सासणे. त्याच दिवसांत त्याच गावात विद्रोही साहित्य संमेलनही भरले. एका गावात दोन मांडव पडले आणि जळकोट-अहमदपूरकडचे वाचक दोन्हीकडे फिरले. या विषयावर ज्याला एकच पुस्तक वाचायला वेळ आहे त्याने ‘उचल्या’ घ्यावे; दोन वाचता येत असतील तर आधी ‘बनगरवाडी’ वाचून मग ‘उचल्या’ उघडावे, म्हणजे पाहणारा आणि पाहिला जाणारा यांतले अंतर आपोआप कळेल. लातूर-नांदेडच्या शाळा-महाविद्यालयांनी आपल्याच भागातले ‘उचल्या’ हे पुस्तक पुरवणी वाचनाला लावायला हरकत नाही. त्यातली भाषा इथल्या मुलांना समजावून सांगावी लागत नाही.